दोन प्रजाजनांचा सम्राट

या स्तंभात आपण नायकांच्या वाटेला सहसा जात नाही. नायकाची काळजी घ्यायला लेखक समर्थ असतो. बड्या खलनायकांचेही बरे चाललेले असते. त्यांना भारदस्त आवाज मिळतो, उंच सिंहासन मिळते आणि शेवटी निदान मरण तरी रुबाबदार मिळते. हाल होतात ते किरकोळ खलनायकांचे. त्यांना जग जिंकायचे असते, पण जेवायची वेळ झाली की योजना अर्धवट राहते. नायक त्यांना मारतसुद्धा नाही, नुसता ढकलून पुढे जातो.

आजचे पात्र याच जातीचे आहे. जपानच्या ‘ड्रॅगन बॉल’ या चित्रकथेतले हे महाशय उंचीने जेमतेम लहान मुलाएवढे. कान टोकदार, अंगाचा रंग निळा, गळ्याभोवती झालरीची मोठी कॉलर आणि डोक्यावर चिमुकली टोपी. स्वतःला ते सम्राट म्हणवून घेतात. साम्राज्य कुठे आहे असे विचारू नये. वाळवंटी माळावर एक किल्ला आहे आणि दोन नोकर आहेत. साम्राज्य ते एवढेच.

नाव आहे पिलाफ. होय, पिलाफ म्हणजे आपला पुलाव. जपानी भाषेत त्याला ‘पिराफु दाइओ’ म्हणतात, म्हणजे पुलाव महाराज. हाताखाली एक उंच, लष्करी कोट घातलेली बाई आहे, तिचे नाव माई. आणि निन्जाच्या वेषातला एक कुत्रा आहे, त्याचे नाव शू. दोघांची नावे जोडून उच्चारली की होते ‘शूमाई’, म्हणजे वाफेवर शिजवलेला, सारण भरलेला चिनी पदार्थ. तेव्हा जगावर राज्य करायला निघालेली ही टोळी म्हणजे मुळात एका माणसाचे दुपारचे जेवण आहे.

लेखक-चित्रकार अकिरा तोरियामा यांना नावे ठेवायची ही खोडच होती. ‘ड्रॅगन बॉल’मधला डुकराच्या तोंडाचा ऊलाँग म्हणजे चहाचा प्रकार, मांजरासारखा तरंगणारा पुआर म्हणजे दुसरा चहा, आणि वाळवंटातला दरोडेखोर यामचा म्हणजे चहाबरोबर खाणे-पिणे. नायकाच्या आजोबांचे नाव गोहान, आणि गोहान म्हणजे साधा शिजवलेला भात! पुढे अंतराळातून येणारी क्रूर योद्ध्यांची जमात तर भाजीच्या जपानी शब्दाची अक्षरे फिरवून तयार झाली आहे. एवढा मोठा भाजीबाजार दुसऱ्या कुठल्या युद्धकथेत सापडेल असे वाटत नाही.

पुलावावरून आठवले. कोशकार मंडळी पुलाव या शब्दाचे नाते फारसीमार्गे संस्कृतातल्या ‘पुलाक’शी जोडतात. पुलाक म्हणजे शिजलेल्या भाताचे शीत. ‘स्थालीपुलाकन्याय’ शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवेल. बाकीच्यांसाठी शितावरून भाताची परीक्षा. आज आपण तेच करणार आहोत. तोरियामांच्या ४२ खंडांच्या मोठ्या हंड्यातले हे एक शीत चेपून बघायचे.

‘ड्रॅगन बॉल’ सुरू झाली १९८४ च्या अखेरीस, ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात. त्याआधी तोरियामांची ‘डॉक्टर स्लम्प’ ही विनोदी मालिका चार वर्षे त्याच साप्ताहिकात गाजली होती. म्हणजे मूळचा हा विनोदी माणूस. नव्या कथेसाठी त्यांनी आधार घेतला तो ‘पश्चिमेचा प्रवास’ या जुन्या चिनी कादंबरीचा. एक भिक्खू, एक माकड, एक डुक्कर आणि एक जलराक्षस असा तांडा पवित्र ग्रंथ आणायला पश्चिमेला निघतो. ही पश्चिम म्हणजे आपला हिंदुस्थान, आणि तो भिक्खू म्हणजे सातव्या शतकात इथे येऊन गेलेला ह्युएनत्संग. नालंदेत तो शिकला, पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथल्या मानी, भांडखोर माणसांबद्दल लिहून ठेवून गेला. त्याच्या गोष्टीतले माकड जपानी उच्चारात झाले सोन गोकू, म्हणजे शेपटीचा, ढगावर बसून उडणारा, अतिशय बलवान आणि तितकाच भाबडा मुलगा. ग्रंथांच्या जागी आले सात गोळे. एका गोळ्यात एक तारा, दुसऱ्यात दोन, असे सातव्यापर्यंत. सातही एकत्र आणले की शेनरॉन नावाचा प्रचंड ड्रॅगन आकाशात उभा राहतो आणि एक इच्छा पुरी करतो.

आता इच्छा कोणाच्या काय आहेत ते पाहा. गोळे शोधायचे यंत्र बनवणारी बुल्मा ही हुशार मुलगी. तिला हवा आहे एक छानसा जोडीदार, नाहीतर आयुष्यभर पुरतील इतक्या स्ट्रॉबेऱ्या. यामचा हा दरोडेखोर, पण मुलगी समोर आली की त्याची बोबडी वळते. त्याला हा लाजाळूपणा जायला हवा आहे. गोकूला काहीच नको, आजोबांची आठवण असलेला चार ताऱ्यांचा गोळा परत मिळाला की झाले. या सगळ्या घरगुती मागण्यांच्या मध्ये एकटे पुलाव महाराज तेवढे मोठा विचार करणारे. त्यांना जग हवे आहे. सगळे. पाने पलटताना मला तर त्यांचेच कौतुक वाटू लागले.

महाराज गोळे मिळवतातही. शू आणि माई पळापळ करतात, चोऱ्या करतात, नायकांना किल्ल्यात अडकवतात. अडकवायची रीत बघा. किल्ल्यात जमिनीवर बाण काढून ठेवलेले आहेत आणि नायक मंडळी त्या बाणांमागून निमूटपणे जाऊन बंद खोलीत सापडतात. सापळा लावणारे आणि सापडणारे यांची अक्कल अगदी समसमान. सात गोळे मांडले जातात, आकाश काळे होते, शेनरॉन प्रकट होतो. पुलाव महाराज घसा खाकरून आयुष्यभर घोकलेले वाक्य बोलायला सुरुवात करतात. तेवढ्यात भिंतीला पडलेल्या लहानशा भोकातून निसटलेला ऊलाँग मधेच घुसतो आणि जिवाच्या आकांताने मनात येईल ती पहिली मागणी ओरडून टाकतो.

काय मागतो, हे कौटुंबिक साप्ताहिकात उघड लिहिणे अवघड आहे. इतकेच सांगतो की आकाशातून एक छोटासा कपडा तरंगत खाली आला, जो आपल्याकडच्या गृहिणी दोरीवर वाळत घालताना टॉवेलच्या आड घालतात. ड्रॅगन अदृश्य झाला, गोळे दगड होऊन दाही दिशांना विखुरले आणि वर्षभरासाठी निकामी झाले. जगाचे साम्राज्य अशा प्रकारे एका कपड्याने हुकले.

इथपर्यंत सारा पोरखेळ आहे. पण याच पोरखेळात तोरियामांनी एक गोष्ट ठेवली आहे, ती वाचताना हसू एकदम थांबते.

चिडलेले महाराज सगळ्यांना एका कोठडीत टाकतात. कोठडीचे छत काचेचे. दुसऱ्या दिवशी ऊन चढले की आत सगळे भाजून निघतील, अशी योजना. (नावाला जागणारी शिक्षा!) रात्र असते, काचेतून आकाश दिसते. वेळ काढण्यासाठी गोकू सहज सांगू लागतो: आजोबा म्हणायचे, पौर्णिमेच्या चंद्राकडे बघू नकोस, त्या रात्री एक राक्षस येतो, आणि आजोबांनाही त्या राक्षसानेच चिरडून मारले. ऐकणाऱ्यांच्या लक्षात हळूहळू सारे येऊ लागते. तू त्या रात्री चंद्राकडे पाहिले होतेस का, असे ते घाबरत विचारतात. तो भाबडेपणाने हो म्हणतो. आणि मग वर बघतो. नेमका पूर्ण चंद्र असतो.

गोकूचे एक अवाढव्य वानर होते. ते किल्ल्याची मोडतोड करते, पुआर कात्रीचे रूप घेऊन त्याची शेपटी कापतो तेव्हा कुठे सगळे वाचतात. सकाळी गोकूला काही आठवत नाही. त्याच्या हातून आजोबा मेले हे त्याला त्या वेळी कोणी सांगत नाही. मित्र ते गुपित पोटात ठेवतात. मुलांच्या साप्ताहिकात, एका विनोदी खलनायकाच्या फजितीच्या प्रकरणात, इतकी जड गोष्ट इतक्या हलक्या हाताने ठेवलेली मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे. पुलाव महाराजांना अर्थातच त्याचा पत्ता नाही. ते कोसळलेल्या किल्ल्याचे दुःख करीत बसतात.

जरा विषयांतर करतो, पण ते आमच्या धंद्यातले आहे म्हणून राहवत नाही. हास्यास्पद खलनायक काढण्याची तोरियामांची हौस जुनी. ‘डॉक्टर स्लम्प’मध्ये माशिरितो नावाचा एक दुष्ट शास्त्रज्ञ आहे. हे नाव उलटे वाचले की होते तोरिशिमा. काझुहिको तोरिशिमा हे होते तोरियामांचे संपादक, कामे परत पाठवण्यात फार कडक. लेखकाने त्यांचे नाव उलटे केले, चेहरा तसाच ठेवला आणि खलनायक म्हणून छापून घेतला. संपादकांनी ते छापले, हे त्यांचे मोठेपण. आमच्याकडे हा प्रयोग करून पाहण्याचा विचार तूर्त नाही.

असो. महाराज पुढे दोनदा येतात. एकदा शेवटचा एकच गोळा दडवून बसतात. बुल्माच्या यंत्राला दिसू नये अशा खास पेटीत ठेवतात. गोकूला तो गोळा हवा असतो कारण ऊपा नावाच्या छोट्या मुलाचा बाप मारला गेला आहे आणि त्याला परत आणायचे आहे. महाराज यंत्रमानवात बसून लढतात आणि हरतात. हे प्रकरण चार पानांत आटोपल्यासारखे वाटते. इथे लेखकालाही फार रस नसावा.

दुसऱ्यांदा येतात ते मात्र सबंध कथेची दिशा बदलून जातात.

फार पूर्वी पिकोलो नावाच्या महाराक्षसाने जगाचा छळ मांडला होता. गोकूच्या म्हाताऱ्या गुरूचे गुरू मुताइतो यांनी प्राणाचे मोल देऊन एक विद्या साधली आणि त्या राक्षसाला एका भांड्यात बंद केले. आता पुराणातली गोष्ट म्हटली की आपल्याला कलश आठवतो, तांब्या आठवतो, अरबी गोष्टींतली बाटली आठवते. तोरियामांनी राक्षसाला कोंडले ते भात गरम ठेवण्याच्या विजेच्या भांड्यात! जपानी स्वयंपाकघराच्या ओट्यावर असते ते, झाकणाचे, साधे. ते भांडे समुद्रात टाकले गेले. आणि ते हाती लागून उघडतो कोण, तर पुलाव. भाताच्या भांड्याचे झाकण पुलावानेच काढावे हा योगायोग म्हणायचा, की चित्रकाराने टेबलाशी बसून एकट्यानेच हसून घेतलेला विनोद म्हणायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

महाराजांचा हिशेब सोपा असतो. मी तुला सोडवले, आता जग जिंकले की अर्धे माझे. जपानीत दोघांच्या पदव्यांत एकाच अक्षराचा फरक आहे. पिलाफ ‘दाइओ’, म्हणजे महाराजा. पिकोलो ‘दाइमाओ’, म्हणजे महाराक्षसराज. मधला ‘मा’ म्हणजे राक्षस, सैतान. ते एक अक्षर महाराजांच्या लक्षात येत नाही. आपल्यासारखाच एक महत्त्वाकांक्षी गृहस्थ भेटला, अशी त्यांची समजूत. विमानात ते त्याच्या शेजारी उभे राहून जगाच्या वाटणीची स्वप्ने बघतात.

आणि पिकोलो काय करतो? तोंडातून अंडे टाकतो, त्यातून टँबरीन नावाचा राक्षस जन्मतो. (या घराण्यात सगळी नावे वाद्यांची.) टँबरीनला पाठवतो कुस्त्यांच्या मैदानात, कारण आपल्याला पुन्हा भांड्यात कोंडू शकेल असा एकही योद्धा जिवंत नको आहे. त्या मैदानात गोकूचा जिवलग मित्र क्रिलिन असतो. गोकूने विसरलेली काठी आणि तो चार ताऱ्यांचा गोळा आणायला म्हणून तो आत गेलेला असतो. नुसता निरोप आणायला गेल्यासारखा. गोकू त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा सारे संपलेले असते.

‘ड्रॅगन बॉल’मध्ये त्याआधी माणसे मरत नव्हती असे नाही. पण वाचकाने ज्याच्याबरोबर जेवण केले, व्यायाम केला, टक्कल पाहून चेष्टा केली, असा मित्र मरण्याची ही पहिली वेळ. त्या पानानंतर मालिकेतला विनोद पूर्वीसारखा राहिला नाही. म्हातारे गुरू तीच जुनी विद्या पुन्हा करून पाहतात. नेम चुकतो, राक्षस भांड्यात जात नाही आणि गुरूंचा प्राण जातो. पिकोलो गोळे वापरून तरुण होतो, आणि दुसऱ्या कोणाला इच्छा मागता येऊ नये म्हणून खुद्द शेनरॉनलाच ठार करतो. गरज संपलेल्या पुलाव महाराजांना शू-माईसकट विमानातून बाहेर फेकून दिले जाते.

हे सारे झाले ते त्या झाकणामुळे. तरीही तोरियामांनी पुलाव महाराजांना कुठेही जाब विचारलेला नाही. गोकू त्यांच्यावर सूड उगवत नाही. क्रिलिन कोणामुळे मेला हे महाराजांना कळते की नाही, कळले तर रात्री झोप लागते की नाही, याची एक चौकटही नाही. पहिल्या वाचनात मला हे खटकले होते. लेखक विसरला, असे वाटले. आता तसे वाटत नाही. पुलाव महाराज क्रूर नाहीत. त्यांनी कधी कोणाला मारलेले दिसत नाही. भाजून काढायची योजना आखतात तीही उन्हाच्या भरवशावर. त्यांना फक्त मोठे व्हायचे आहे, आणि त्यासाठी ते कुठलेही झाकण काढायला तयार आहेत. अशा माणसाला शिक्षा काय करायची, हा प्रश्न तोरियामांनी सोडवलेला नाही, टाळला आहे. आणि टाळला तेच बरे केले. महाराजांना रडवले असते तर तो विनोदही गेला असता आणि ते दुःखही स्वस्त झाले असते.

मूळ चित्रकथेत त्यानंतर महाराज दिसत नाहीत म्हटले तरी चालेल. पुढची कथा अंतराळात गेली. एका बोटाने ग्रह फोडणारे खलनायक आले. साप्ताहिकाचा खप वाढत वाढत १९९४-९५ च्या सुमारास ६५ लाखांवर गेला आणि लहान मुलांच्या साप्ताहिकातल्या या मारामाऱ्या साऱ्या जगात पोचल्या. चित्रकथा १९९५ मध्ये संपली. आपल्याकडच्या बहुतेक मुलांची ओळख झाली ती ‘ड्रॅगन बॉल झेड’ या दूरदर्शन-मालिकेपासून, २००० नंतर, कार्टून नेटवर्कवर. ती सुरू होते तेव्हा गोकू लग्न होऊन एका मुलाचा बाप झालेला असतो. त्यामुळे आपली मुले फ्रीझाला ओळखतात, सेलला ओळखतात, पण पुलाव महाराजांचे नाव काढले तर खुळ्यासारखी बघतात. ‘त्यात सारखी मारामारीच असते’ ही त्या काळच्या आई-बापांची तक्रार खोटी नव्हती. फक्त त्यांनी आणि मुलांनीही, गोष्ट मधूनच पाहिली होती.

तोरियामांच्या मूळ कथेनंतर मात्र महाराजांना पुन्हा बोलावणे आले. १९९६ च्या ‘ड्रॅगन बॉल जीटी’ या मालिकेत म्हातारे झालेले महाराज वेगळ्याच जातीचे सात गोळे शोधून काढतात. ऐन वेळी गोकू समोर येतो. हा अजून लहान असता तर बडवला असता, असे महाराज वैतागून पुटपुटतात. ड्रॅगन ऐकत असतो. गोकूचा मुलगा होतो आणि एक इच्छा पुन्हा वाया जाते. महाराजांना आयुष्यात शेनरॉनने ऐकलेले पहिले वाक्य मिळाले, तेही चुकून निघालेले.

२०१३ च्या ‘बॅटल ऑफ गॉड्स’ या चित्रपटात तर कमाल आहे. इतक्या वर्षांनी तिघांना गोळे खरोखर सापडलेले असतात, मधे कोणी घुसलेले नसते, आणि जगाऐवजी ते काय मागतात? तारुण्य. वय झाले होते बिचाऱ्यांचे. पण ड्रॅगनने माप जरा सढळ धरले आणि तिघेही शाळकरी पोरे होऊन बसली. या रूपात ते बुल्माच्या वाढदिवसाला गोळे चोरायला शिरतात, तर तिथे ते सात गोळे सोडतीतले बक्षीस म्हणून मांडून ठेवलेले! ज्यासाठी किल्ला गेला, तारुण्य गेले, विमानातून फेकून घेतले, ती वस्तू आता श्रीमंत घरच्या मेजवानीतले बक्षीस झाली आहे. २०१८ च्या ‘ब्रोली’ चित्रपटात महाभयंकर फ्रीझा सात गोळ्यांकडून काय मागणार, तर उंची पाच सेंटीमीटरने वाढावी! बडे खलनायकही अखेर पुलाव महाराजांच्या पंगतीला येऊन बसले.

१ मार्च २०२४ रोजी तोरियामा गेले, वयाच्या ६८ व्या वर्षी. जगभरातून श्रद्धांजली म्हणून जी चित्रे काढली गेली त्यांत गोकू होता, ढग होता, सात गोळे होते. पुलाव महाराज कितीशा चित्रांत होते, कोण जाणे.

मला राहून राहून आठवतात ते मात्र शू आणि माई. पगाराचा उल्लेख कुठे नाही. यशाचा तर नाहीच. किल्ला पडला, राक्षसाने हाकलले, म्हातारपण आले, बालपण परत आले, पण या दोघांनी नोकरी सोडली नाही. महाराज ओरडतात, दोघे मान खाली घालतात, आणि पुढच्या पानावर तिघे एकाच गाडीत असतात. २०१६ मध्ये ‘ड्रॅगन बॉल सुपर’ मालिकेत तोरियामांनी आखलेल्या एका कथाभागात उद्ध्वस्त झालेल्या भविष्यकाळातली माई दिसते. शहरे पडली आहेत, माणसे तळघरांत लपली आहेत, आणि लष्करी कोटातली ती बाई हातात बंदूक घेऊन उरलेल्यांना सांभाळते आहे. देवाची ताकद असलेल्या शत्रूपुढे साध्या बंदुकीने उभी राहते. हसण्यासारखे काही नाही. पूर्वी गोळे चोरताना धडपडणारी बाई ती हीच, हे तिचा तो कोट पाहिल्यावर कळते.